आईच्या वहीतलं पान

*माझी आई ८१ वर्षांची आहे. हृदय थकलंय आणि आता मूत्रपिंडंही साथ देईनाशी झाली आहेत. डोक्यानं मात्र ती आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे. गेल्या महिन्यात तिनं वहीचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलंय, ‘मला नळ्या लावू नका. मशीनवर ठेवू नका.’ खाली तारीख आणि सही. सहीच्या वर एक ओळ लिहून खोडलेली आहे. आम्ही तिघा भावंडांनी त्यावर सह्या कराव्यात असा तिचा आग्रह आहे.*

*दादा म्हणतो, ही आत्महत्याच झाली आणि आत्महत्या करणारे अंधाऱ्या लोकात जातात असं ईशावास्य उपनिषदात आहे. ताईचे यजमान कॅथलिक आहेत. त्यांचं म्हणणं, जीव देवानं दिला, नेईल तर तोच नेईल. माझी सून मुसलमान आहे. आईचं सगळं तीच करते, पण ‘आजी, मरण मागू नये हो’ म्हणून रडते. आईची जैन मैत्रीण म्हणते, हा तर संथारा, केवढं पुण्य! मी स्वतः देवधर्म फारसा करत नाही, पण उद्या पाप माझ्या माथी नको. नेमकं कोणत्या धर्माचं बरोबर? मी सही करू का?*

सहीचं शेवटी बघू. आधी दादांचं ईशावास्य घेते, कारण तुमच्या घरातलं सगळ्यात जड वाक्य तेच दिसतंय. त्या एका वाक्यापुढे तुम्ही सगळे गप्प झालेले आहात.

दादा सांगतात तो तिसरा मंत्र. ‘असुर्या नाम ते लोका अन्धेन तमसावृताः’, आणि तिथे कोण जातात, तर ‘आत्महनो जनाः’. आत्महन म्हणजे स्वतःला मारणारा, असा सरळ अर्थ लावला की दादांचं म्हणणं तयार. पण शंकराचार्यांनी या मंत्रावर भाष्य केलंय आणि त्यात त्यांनी हा अर्थ घेतलेलाच नाही. त्यांच्या मते आत्महन म्हणजे अविद्वान, आत्म्याची ओळखच न झालेला माणूस. म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेले तुम्हीआम्ही सगळेच. आणि ते तर्कालाही धरून आहे. जो आत्मा ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ असं गीता सांगते, त्याला मारणार कोण आणि कसा? तेव्हा तो मंत्र आजारी म्हाताऱ्या बाईवर रोखण्याआधी दादांनी भाष्य उघडून बघावं.

आणि उघडलंच आहे तर पूर्ण वाचावं. अठराच मंत्र आहेत, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या मंत्रात सांगितलंय की कर्म करत करत शंभर वर्षं जगायची इच्छा धरावी. सतराव्यात म्हटलंय, ‘वायुरनिलममृतमथेदं भस्मान्तं शरीरम्’. श्वास वाऱ्यात मिसळू दे, शरीराची राख होऊ दे. जगायची इच्छा आणि सोडून द्यायची तयारी, दोन्ही एकाच उपनिषदात आहेत, अवघ्या पंधरा मंत्रांच्या अंतरावर. तुमच्या आई दुसऱ्या मंत्राची ८१ वर्षं जगून आता सतराव्यापाशी आल्या आहेत. दादा तिसऱ्यावरच थांबलेत.

दादांवर अन्याय नको. आत्महत्येला पाप मानणारी धर्मशास्त्रातली वचनं आहेत आणि ती पुष्कळ आहेत. पण त्याच परंपरेनं प्रायोपवेशन नावाची वेगळी वाट ओळखली. शाप मिळाल्यावर परीक्षित गंगेच्या काठी अन्नपाणी सोडून बसला आणि सात दिवस भागवत ऐकत राहिला. त्याला कुणी पळपुटा म्हटलं नाही. भीष्म शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट बघत राहिले आणि दरम्यान युधिष्ठिराला राजधर्म शिकवत होते. अगदी अलीकडचं म्हणजे विनोबा. १९८२च्या नोव्हेंबरात त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणं थांबवलं आणि १५ तारखेला ते गेले. सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत झालं ते. तुमच्या आईनी तर इतकंही मागितलेलं नाही. त्या जेवतायत, गोळ्या घेतायत. पुढच्या एका टप्प्यावर आपल्या शरीराचं काय करू नये, एवढंच त्यांनी लिहून ठेवलंय.

आता ताईंचे यजमान. ते म्हणतात ते खरंच आहे, पण त्यांच्याच चर्चनं या वाक्याच्या पुढे बरंच सांगून ठेवलंय. त्यासाठी आधी मशीनची गोष्ट सांगायला हवी, कारण आपण मशीनला उगाच राक्षस करून ठेवलंय.

१९५२ साली कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. मुलांच्या श्वासाचे स्नायूच लुळे पडत होते आणि पुरेशी यंत्रं नव्हती. तेव्हा गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून दाबून हवा भरायची, असा मार्ग काढला गेला. पिशवी दाबायला बसायचे वैद्यकीय विद्यार्थी, आळीपाळीनं, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. कितीतरी मुलं त्या हातांवर जगली. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला. यंत्राच्या मुळाशी कुणाचा तरी थकलेला हात आहे, हे मला नेहमी लक्षात ठेवावंसं वाटतं.

पाचच वर्षांत प्रश्न उलटा झाला. जो परत उठणारच नाही त्याच्यासाठी पिशवी किती दिवस दाबायची? भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हे थेट पोपना विचारलं. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी बारावे पायस यांनी उत्तर दिलं की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणं माणसाला बंधनकारक आहे. असाधारण उपाय, म्हणजे ज्यांचं स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठं ओझं पडतं ते, बंधनकारक नाहीत. आणि साधारण काय, असाधारण काय, हे माणूस, जागा, काळ पाहून ठरवायचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला जास्त मोलाची वाटते. वेदना थांबवायला दिलेल्या औषधानं आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू वेदना थांबवण्याचा असेल तर ते देता येतं.

पोप दुसरे जॉन पॉल यांचे शेवटचे दिवस जगानं पाहिले. जीव घेण्याच्या विरोधात, मग ते इच्छामरण असो की गर्भपात, त्यांच्याइतकं ठामपणे क्वचितच कुणी लिहिलं असेल. २००५च्या फेब्रुवारीत त्यांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती, मार्चअखेर नाकातल्या नळीनं अन्न सुरू झालं. पण शेवटची घसरण लागली तेव्हा त्यांना पुन्हा रुग्णालयात हलवलं नाही. २ एप्रिलला ते आपल्या खोलीत गेले. एक नळी घेतली आणि पुढचं नाकारलं, तेही एकाच आठवड्यात. भाऊजींना हे आठवत असेल. त्यांना विचारा की ही पोपनी केलेली आत्महत्या होती का.

नाकातल्या नळीकडे मी पुन्हा येणार आहे. ती नळी विसरू नका.

तुमच्या सुनेचं रडणं मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाटलं. ती म्हणते तशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहेच, सोसावं लागतंय म्हणून कुणी मरणाची इच्छा धरू नये. पण ती हदीस तिथे संपत नाही. अगदीच राहवत नसेल तर काय म्हणावं तेही पुढे सांगितलंय: जोवर जगणं माझ्या भल्याचं आहे तोवर मला जगव, आणि मरण भल्याचं असेल तेव्हा ने. ही दुआ तुमच्या आईंच्या पानापासून फार लांब आहे असं मला वाटत नाही. कुराणाच्या पाचव्या सूरेत एक जीव वाचवणं म्हणजे सारी मानवजात वाचवणं असं म्हटलंय, म्हणजे जिवाचं मोल तिथे केवढं मोठं आहे ते बघा. तरीही १९८६ साली जॉर्डनमधल्या अम्मानला भरलेल्या इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीच्या बैठकीत ठरलं, की मेंदूचं काम पूर्ण आणि कायमचं थांबल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं तर हृदय यंत्रावर धडधडत असलं तरी यंत्र काढता येतं. सगळ्या आलिमांना, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांना, हे मान्य आहे असं नाही. वाद चालू आहे.

पण ठरावापेक्षा तुमच्या सुनेला मी एक जुनी गोष्ट सांगेन, कदाचित तिला माहीतही असेल. बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. अपस्माराचे झटके येणारी एक बाई पैगंबरांकडे आली. म्हणाली, झटका आला की अंगावरचं वस्त्र सरकतं, माझ्यासाठी दुआ करा. ते म्हणाले, तुला हवं तर सबर कर, तुला जन्नत आहे. किंवा हवं तर तू बरी व्हावीस म्हणून दुआ करतो. तिनं सबर निवडलं. पण म्हणाली, उघडं पडू नये एवढी तेवढी दुआ करा. आणि त्यांनी ती केली.

किती मायेनं ऐकून घेतलंय त्या बाईचं! बरं होणं समोर असताना तिनं ते घेतलं नाही आणि तिला कुणी सक्ती केली नाही. तिला आजारापेक्षा उघडं पडण्याची भीती जास्त होती. उपचार घेणं प्रत्येक वेळी बंधनकारक नाही असं सांगणारे अनेक आलिम याच गोष्टीकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर तुमच्या आईंची भीतीही याच जातीची असावी. सुनेनं एकदा शांतपणे विचारावं. त्या तिला सांगतील, तुम्हा मुलांना कदाचित नाही.

जैन मैत्रिणीचं कौतुक मनापासूनचं आहे, पण ते जरा घाईचं आहे. सल्लेखना किंवा संथारा हे व्रत आहे. ते गुरूंच्या अनुमतीनं घ्यायचं असतं, आणि कधी घ्यावं याला अटी आहेत. जैन आचार्य समंतभद्रांनी म्हाताऱ्या वयाच्या आणि आजाराच्या बाबतीत ‘निःप्रतीकार’ असा शब्द वापरलाय, म्हणजे ज्यावर इलाज उरलेला नाही असा. आणि तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेत. त्यातले पहिले दोन बघा: जीविताशंसा आणि मरणाशंसा. आणखी जगावं ही हाव, आणि लवकर मरावं ही हाव. दोन्ही सारख्याच दोषाच्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. पाण्याच्या थेंबातल्या जिवाचीही काळजी करणारा हा धर्म. त्याला मरणाची घाई मान्य नाही आणि जगण्याची लालसाही नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे दादांना पडलाय तो प्रश्न न्यायाधीशांनाही पडला होता. तुमच्या आईंचं पान मात्र संथारा नाही. त्यांनी व्रत घेतलेलं नाही, त्यांनी सूचना लिहिली आहे. पुण्याचं ओझंही त्यांच्यावर नको.

तुमच्या घरात नसलेल्या दोन धर्मांचंही सांगते.

पहिला बौद्ध. माणसाचा जन्म किती दुर्मीळ, यासाठी बुद्धानं दिलेली उपमा अशी: सारी पृथ्वी पाण्याखाली आहे, त्यावर एक भोक असलेलं जू तरंगतंय, वारा त्याला कधी पूर्वेला नेतो कधी पश्चिमेला. तळाशी एक आंधळा कासव आहे, तो शंभर वर्षांनी एकदा वर येतो. त्याची मान नेमकी त्या भोकात शिरणं जितकं अवघड तितका मनुष्यजन्म अवघड. जन्माला इतकं जपणाऱ्या या धर्मात भिक्षूनं कुणाला मारलं, किंवा मरण किती चांगलं असं सांगून कुणाला त्या वाटेला लावलं, तरी तो संघातून कायमचा बाहेर. नियम इतका कडक. आणि तरी विनयावर, म्हणजे भिक्षूंच्या नियमांवर, बुद्धघोषानं लिहिलेल्या भाष्यात एक सूट आहे: आजार फार लांबलाय, सेवा करणारे भिक्षू थकून गेलेत, हे पाहून आजाऱ्यानं अन्न आणि औषध थांबवलं तर त्याला दोष नाही. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आजाऱ्याच्या डोळ्यांनी सेवेकऱ्यांकडे बघितलं होतं.

दुसरा ज्यू. जीव वाचवायला शब्बाथसुद्धा, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीचा नेमसुद्धा, मोडावा असं सांगणारा आणि मरणाऱ्याच्या बाबतीत सगळ्यात काटेकोर. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात मरणासन्न माणसाला विझू घातलेल्या दिव्याची उपमा दिली आहे, बोट लावलंत की गेला. त्याच्या डोक्याखालची उशीसुद्धा काढायची नाही. पण सोळाव्या शतकात क्राकोच्या रब्बी मोझेस इस्सर्लिस यांनी लिहिलं की घराजवळ कुणी लाकूड फोडत असेल आणि त्या आवाजामुळे जीव अडकून राहिला असेल, तर लाकूडतोड्याला थांबवायला हरकत नाही. ती कृती मारण्याची होत नाही. वाटेतला अडथळा तेवढा दूर होतो. २००५मध्ये इस्रायलनं कायदा केला तो याच धाग्यानं. अखंड चाललेलं व्हेंटिलेटर बंद करायला मनाई, पण त्याला टायमर लावता येतो. ठरलेली वेळ संपली की यंत्र थांबतं आणि पुन्हा सुरू करायचं की नाही हा नवा निर्णय ठरतो. कुणाला ही पळवाट वाटेल. मला त्यात पाप टाळण्याची फार प्रामाणिक धडपड दिसते.

आणि मग रब्बी यहूदांच्या दासीची गोष्ट. हे यहूदा म्हणजे मिश्ना हा ज्यूंचा जुना धर्मनियमांचा संग्रह संकलित करणारे, केवढे मोठे. ते आजारी पडले तेव्हा शिष्यांनी उपास धरला, प्रार्थना सुरू केल्या, क्षणभरही थांबेनात. दासी गच्चीवर गेली आणि तिनंही आधी त्यांच्यासाठी आयुष्यच मागितलं. पण घरातलं सगळं तीच बघत होती. रब्बींना पुन्हा पुन्हा शौचाला जावं लागत होतं, प्रत्येक वेळी कपाळावरचं आणि हातावरचं तेफिलिन (धर्मवचनं ठेवलेल्या चामडी डब्या) सोडायचं, परत बांधायचं, आणि त्यात होणारा त्रास. तेव्हा तिनं आपली प्रार्थना बदलली. शिष्य काही थांबत नव्हते. तिनं एक घडा उचलला आणि गच्चीवरून खाली टाकला. आवाजानं सगळे दचकले, प्रार्थना क्षणभर तुटली आणि रब्बी गेले.

तालमूदनं तिला दोष दिलेला नाही. गोष्ट सांगून ठेवली, एवढंच.

मी त्या शिष्यांमधली आहे. माझी मावशी आयसीयूत होती तेव्हा आम्ही नऊ जण बाहेरच्या बाकांवर बसून तुमच्यासारखाच वाद घालत होतो, कर्म काय, भोग काय, विधिलिखित काय. आत जायला दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं मिळायची. मी गेले तेव्हा तिची दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती, सैलसर, वळ उठू नयेत म्हणून खाली कापूस घालून. नळी ओढून काढते म्हणून. बोटं तेवढी मोकळी होती आणि ती चादरीला चुण्या घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती. सिस्टर म्हणाली, रात्रभर असंच चाललंय. त्या सिस्टरनं आम्हा नऊ जणांना एकच प्रश्न विचारला: ‘यांना काय हवं होतं, कुणाला माहितीये का?’ कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं वहीचं पान दिलं नव्हतं.

म्हणून तुमच्या ‘कोणत्या धर्माचं बरोबर’ या प्रश्नाला माझं उत्तर असं, की तुमच्या घरातले धर्म तुम्हाला वाटतात तितके भांडत नाहीयेत. जीव आपल्या मालकीचा नाही, तो घेऊ नये, हे सगळेच सांगतात. शीख त्याला हुकूम म्हणतील, मुसलमान अमानत म्हणतील. आणि येणाऱ्या मरणाच्या वाटेत उभं राहण्याला कुठेतरी मर्यादा आहे, हेही प्रत्येकाच्या ग्रंथात सापडतं. भांडण आहे ते बाकावर बसलेल्यांचं. ग्रंथांनी जीव पवित्र म्हटलं म्हणून त्या त्या धर्माच्या माणसांनी युद्धं कमी केली असं काही इतिहासात दिसत नाही, आणि मृत्युदंडाला कॅथलिक चर्चनं कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवलं ते २०१८ साली. धर्मसुद्धा विचार करत करतच पुढे जातात. दादांना तेवढी सवड द्या.

मात्र एका ठिकाणी खरोखर मतभेद आहेत आणि ते नाकातल्या नळीवर आहेत. डॉक्टर जिला राइल्स ट्यूब म्हणतात ती. नळीनं दिलेलं अन्नपाणी हा उपचार, की ती साधी सेवा? २००४ साली जॉन पॉल यांनी सांगितलं की ते तत्त्वतः साधारण काळजीतच मोडतं, म्हणजे शक्यतो थांबवू नये. इस्रायलचा कायदाही अन्नपाण्याला यंत्रापेक्षा वेगळं धरतो. याउलट जैन आणि हिंदू परंपरांमध्ये अन्न सोडणं हीच निरोपाची रीत. बौद्ध भाष्य मधे कुठेतरी. ही गाठ ग्रंथांवरून सुटणार नाही. ती आईच सोडवू शकतात आणि त्या आज बोलू शकतात.

‘नळ्या लावू नका’ हे फार मोघम आहे हो. सलाइनचीही नळीच. लघवीचीही नळीच. उद्या न्यूमोनिया झाला आणि डॉक्टर म्हणाले की दोन दिवस मशीनवर ठेवलं तर त्या उठून बसतील, तर? तेव्हा तुम्ही ते पान पुढे करणार का? आईंना हे असं, प्रसंग घालून विचारा. बरं व्हायची शक्यता असेल तर ठरावीक दिवसांसाठी मशीन चालेल का, आणि ते दिवस किती. हृदय थांबलं तर छाती दाबावी का. त्या वयात बरगड्या मोडतात हेही सांगा, लपवू नका. गिळता येईनासं झालं तर नाकातली नळी हवी की ओठ ओले करणं पुरे. धाप लागली तर मॉर्फिन चालेल का, त्यानं गुंगी आली तरी. डायलिसिसचं काय, कारण मूत्रपिंडांचं म्हणालात म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी येणार. आणि त्यांना बोलता येईनासं झालं की शेवटचा शब्द तुमच्यापैकी कुणाचा. यासाठी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजाऱ्याचा त्रास कमी करणारे, डॉक्टर मिळाले तर आत्ताच गाठा. ते फक्त अगदी शेवटी येतात हा गैरसमज आहे.

हे बोलणं दादांच्या समोर व्हावं. तुम्ही त्यांना आईंचं म्हणणं नेऊन सांगू नका, त्यांनी आईंच्या तोंडून ऐकावं. तुमच्याकडून ऐकलं तर ते तुमच्याशी वाद घालतील. आईंशी ईशावास्यावर वाद घालायचा तर त्यांना घालू दे. तुम्ही लिहिलंय तशा त्या तल्लख असतील तर मला दादांची काळजी वाटते.

सहीचं. तुम्ही कुठल्या देशात आहात ते पत्रात नाही आणि कायदा सगळीकडे सारखा नाही. भारतात असाल तर सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला असा कागद करण्याचा माणसाचा हक्क मान्य केलाय आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. मुलांची परवानगी त्यात लागत नाही. दुसरीकडे असाल तर तिथल्या वकिलाला विचारा, वहीचं पान ऐनवेळी पुरं पडत नाही. तेव्हा या पानावर घाईनं सही करू नका, त्याऐवजी आईंबरोबर बसून नीट कागद तयार करा आणि त्यात त्यांनी तुमचं नाव घातलं तर ते स्वीकारा. पापाचं म्हणाल, तर एवढे ग्रंथ चाळून मला एकही असं वचन भेटलं नाही, की आईला काय हवंय हे विचारणाऱ्या मुलाला पाप लागतं.

बोलायला बसाल तेव्हा ते पान जवळ ठेवा. सहीच्या वरची जी ओळ त्यांनी लिहून खोडली, तिथे आधी काय लिहिलं होतं ते त्यांना विचारा.